भांडी कुणी घासायची? आणि मिशन ट्रेनिंगबद्दलचे तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात एक छोटी चौकट टाकली होती, की मिशन ट्रेनिंगबद्दल, म्हणजे ते 5-6 महिने सगळ्यांनी एकत्र राहून शिकायचं आणि मग टीम करून आउटरीचला, म्हणजे बाहेरगावी येशूबद्दल सांगायला आणि मदतीची कामं करायला, जायचं असतं ना, त्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. मला वाटलं चार-पाच पत्रं येतील. आली ती इतकी की संपादकांचाच फोन आला, ताई हे एका अंकात बसवायचं कसं. बसत नाहीये, म्हणून निवडक घेतलीयेत आणि नाव कुणाचंच छापलेलं नाही. माझ्याबद्दल एवढंच सांगते, की अशाच एका कम्युनिटीत मी आधी 6 महिने विद्यार्थी म्हणून आणि मग 4 वर्षं स्टाफ म्हणून राहिले. कुठली ते विचारू नका, कारण खाली तिच्याबद्दल बरंवाईट दोन्ही येणार आहे.

प्रश्न : सलाम ताई. माझा मुलगा 23 वर्षांचा आहे, चांगली नोकरी सोडून मिशन ट्रेनिंगला निघालाय. आम्ही चर्चच्या मंडळीतलेच, त्यामुळे विरोध असा नाही, पण दिवसभर तिथे करतात काय हे तो धड सांगत नाही. विचारलं की "आई, शिष्यत्व शिकवतात" एवढंच. बायबल तर घरीही वाचता येतं ना?

येतं की. आणि घरी वाचत नसेल तर तिथे जाऊन एकदम वाचायला लागेल असंही नाही, हे आधीच सांगून टाकते.

साधारण रचना अशी असते, पहिले तीनेक महिने वर्ग आणि त्यानंतर दोन ते तीन महिने आउटरीच. वायवॅम म्हणजे युथ विथ अ मिशन, लॉरेन कनिंगहॅम यांनी 1960 साली सुरू केलेली, त्यांची डिसायपलशिप ट्रेनिंग स्कूल, म्हणजे येशूचे शिष्य म्हणून जगायला शिकवणारी शाळा, अशीच चालते आणि पुढे कितीतरी जणांनी थोड्याफार फरकाने तोच साचा उचलला. (मी होते ती वेगळी, उगाच तर्क करू नका.) दर आठवड्याला विषय बदलतो आणि बहुतेक वेळा शिकवणारेही बदलतात. एक आठवडा देवाचा स्वभाव, एक प्रार्थना, एक क्षमा, एक बायबलचा आढावा, एक दुसऱ्या संस्कृतीत कसं वागायचं यावर. शिकवणारे बाहेरून येतात त्यामुळे कधीकधी या आठवड्याचे सर मागच्या आठवड्याच्या सरांच्या बरोब्बर उलट सांगून जातात आणि मुलं गोंधळतात, पण मला विचाराल तर तो गोंधळच बरा, निदान डोकं वापरावं लागतं.

दिवस लवकर सुरू होतो. सकाळी शांत समय, म्हणजे आपलं बायबल, आपली वही आणि गप्प बसणं. मग एकत्र उपासना नाहीतर मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे दुसऱ्यांसाठी केलेली, मग तीन तास वर्ग, दुपारी कामाची ड्यूटी, संध्याकाळी वाचन, आणि आठवड्यातून एकदा स्टाफपैकी कुणाबरोबर तरी एकट्याने बसून बोलायचं, त्याला सगळे वन ऑन वन म्हणतात. तुमचा मुलगा फोनवर "आज वन ऑन वन होतं" म्हणाला आणि आवाज बसलेला वाटला तर घाबरू नका, रडून आला असेल. आमच्या वेळी सगळेच रडून यायचे.

पण तुम्ही विचारताय ते "करतात काय", तर खरं उत्तर दुपारच्या ड्यूटीत आहे. आम्ही 70 जण होतो. किचनमागे एक लांबलचक सिंक, त्याची जाळी नेहमी तुंबलेली, आणि पातेली एवढी मोठी की आतला तळ घासायला मला कंबरेपर्यंत आत वाकावं लागायचं, बाहेर आलं की केसांना साबण. सकाळी उपासनेत डोळे मिटून हात वर करून गाणारा एक मुलगा होता, तो भांड्यांच्या वेळेला दर वेळी गायब. आणि मी काय करत होते तर मनातल्या मनात हिशेब, आज मी चौदा पातेली, तो शून्य. तीन आठवडे हा हिशेब चालला. शेवटी वन ऑन वनमध्ये मी त्याची तक्रार घेऊन गेले आणि तासाभराने बाहेर पडताना विषय त्याचा नव्हताच, माझ्या हिशेबाचा होता. तो मुलगा शेवटपर्यंत तसाच राहिला हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळ्या गोष्टींचा शेवट गोड होतो.

डीट्रिख बोनहॉफर हे नाव तुम्ही ऐकलं असेल, हिटलरला विरोध केला म्हणून 1945 साली फाशी गेलेले जर्मन पाळक. 1935 मध्ये ते पाळक घडवणारी एक छोटी निवासी शाळा चालवायला लागले, सुरुवातीला बाल्टिक समुद्राकाठी झिंग्स्टला. तिथल्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट सांगतात, की किचनमधून निरोप आला भांडी घासायला मदत हवीय, कुणीच उठलं नाही, तेव्हा बोनहॉफर स्वतः काही न बोलता उठले, आत गेले आणि दाराला आतून कडी घातली. मग विद्यार्थी ओशाळून मागोमाग धावले तर त्यांना आत घेईनात. नंतर बाहेर येऊन त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. त्या शाळेचा आणखी एक नियम होता, जो माणूस समोर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही, आणि चुकून बोललात तर जाऊन त्याला सांगायचं. हा नियम घरी एक दिवस पाळून बघा. मला दुपारपर्यंतसुद्धा जमला नव्हता.

तर ताई, त्याला जाऊ द्या. फक्त नोकरी "सोडून" जातोय की बिनपगारी रजा मिळतेय का हे त्याने ऑफिसात विचारलंय का, तेवढं विचारा. देवाने बोलावलं म्हटलं की मुलं एकदम राजीनामाच टाकतात.

प्रश्न : चार अनोळखी जणी एका खोलीत. एक रात्री दोनला उठून मोठ्याने प्रार्थना करते. तिला गप्प बस म्हणणं पाप आहे का?

नाही. कॉरिडॉर कशासाठी असतो?

जरा लांबून सांगते. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे तिघं इंग्रज मिशनरी आपापल्या कुटुंबांसह आणि आणखी काही जणांसह 1800 साली श्रीरामपूरला (नगरकडचं नव्हे, हुगळीकाठचं, तेव्हा ते डॅनिश लोकांच्या ताब्यात होतं) एकाच घरात राहायला लागले. जेवण एकत्र, पैसा एका तिजोरीत, खाजगी धंदा कुणी करायचा नाही. याच केरींनी 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं, ते आपल्याला शाळेत कळतं, पण त्या घरात शनिवारची संध्याकाळ कशासाठी राखून ठेवली होती ते कळत नाही. आठवडाभरात एकमेकांशी जे काही खटकलं ते त्या संध्याकाळी काढायचं, मिटवायचं आणि पुन्हा प्रेमाने राहायचं ठरवायचं, असं वॉर्ड यांनी लिहून ठेवलंय. म्हणजे बघा, खटकणारच हे पहिल्या दिवसापासून धरूनच चालले होते. तरी पुढे भांडणं झालीच, नंतर आलेले तरुण मिशनरी वेगळे झाले, 1827 मध्ये तर इंग्लंडमधल्या मूळ संस्थेशीही फारकत झाली. पण आधीची कितीतरी वर्षं ते घर टिकलं त्यात त्या शनिवारांचा वाटा असणार असं माझं मत.

तू शनिवारची वाट बघू नकोस. उद्या सकाळी सांग, दोघीच असताना. "तुझी प्रार्थना मला आवडते पण मला सात तास झोप लागते" एवढं पुरे. देवाला हळू आवाजातलंही ऐकू येतं हे वाक्य मात्र घालू नकोस, मी घातलं होतं, त्याचं वेगळं भांडण झालं.

प्रश्न : स्टाफला पगार नसतो, उलट स्टाफच राहण्याजेवणाचे पैसे भरतो असं ऐकलं. हे खरं का? आणि मग नातेवाइकांकडे, मंडळीकडे "सपोर्ट" मागायचा म्हणजे सरळ भाषेत हात पसरायचा, नाही का? स्पष्ट विचारतोय, राग मानू नये. (वय 61, निवृत्त)

काका, राग कसला, माझ्या वडिलांनी हेच्या हेच शब्द वापरले होते.

हो, खूप ठिकाणी खरं आहे. विद्यार्थी फी भरतात, त्यात वर्गाची वेगळी आणि आउटरीचची वेगळी. स्टाफला पगार नसतो, प्रत्येकजण आपापले सपोर्ट करणारे उभे करतो, म्हणजे दर महिन्याला ठरावीक काही देणारी माणसं, बहुतेक घरची मंडळी, मित्र आणि एखाददुसरं चर्च. याला मोठी परंपरा आहे. हडसन टेलर या इंग्रज मिशनऱ्यांनी 1865 मध्ये चायना इनलँड मिशन काढलं तेव्हा ठराविक पगाराची हमी कुणालाच दिली नाही, आणि माणसांकडे पैसे मागायचेही नाहीत, फक्त देवाकडे मागायचे असा दंडक घातला. आता बहुतेक जण मागतात. पत्रं लिहितात, व्हिडिओ पाठवतात, फोन करतात.

बायबलमध्ये दोन्ही आहे बरं का. येशूचा संदेश गावोगावी नेणाऱ्या पौलाने करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवले आणि स्वतःचं पोट भरलं, आणि त्याच पौलाने फिलिप्पैच्या मंडळीने पाठवलेली मदत घेतली, आभार मानणारं पत्रही लिहिलं. त्यामुळे सपोर्ट घेणं कमीपणाचं आहे असं मी म्हणणार नाही. पण चार वर्षांत मी जे बघितलं ते सांगते. ज्यांच्या घरचे, ओळखीचे खाऊनपिऊन सुखी त्यांचा सपोर्ट दोन महिन्यांत उभा राहायचा. ज्यांची सगळी मंडळीच हातावर पोट असलेली, ती मुलं वर्षानुवर्षं अर्ध्यावर, आणि त्यांनाच सांगितलं जायचं विश्वास कमी पडतोय. विश्वास नव्हता कमी पडत, ओळखी कमी पडत होत्या. हे मी मीटिंगमध्ये म्हणाले होते, सगळे खाली बघत बसले.

तुमच्या घरातलं कुणी मागायला आलं तर तीन गोष्टी विचारा. पैसे कुणाच्या खात्यात जातात, वर्षाचा हिशेब बाहेरच्या माणसाकडून तपासून घेतला जातो का, आणि परत यायची वेळ आली तर परतीच्या खर्चाचं काय. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर त्याला जाऊ देऊ नका, निदान तिकिटाचे पैसे तुमच्याकडे बाजूला ठेवा आणि त्याला सांगू नका.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. शेजारची मुलगी आउटरीचला गेली होती म्हणून तुमचा अंक वाचायला मिळाला. आडपडदा न ठेवता विचारते, तुम्ही मदतीच्या नावाखाली धर्म बदलायलाच जाता ना?

आडपडदा न ठेवता सांगते. येशूबद्दल सांगणं हा आउटरीचचा उद्देश असतो, आणि जो कुणी "छे छे, आम्ही फक्त समाजसेवा करतो" म्हणतो तो तुम्हाला पूर्ण खरं सांगत नाहीये. कुणी आपणहून हा विश्वास धरला तर आम्हाला आनंद होतो. माणसाने स्वतःच्या मर्जीने धर्म ठेवावा किंवा बदलावा हा त्याचा हक्क आहे असं 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं 18 वं कलमही म्हणतं. प्रश्न तिथे नाहीच. प्रश्न तुमच्या "नावाखाली" या शब्दात आहे, आणि तो शब्द मला लागला कारण मी ते केलंय.

आमच्या टीमबरोबर डोळे तपासणारे डॉक्टर होते आणि खोके भरून चष्मे होते. मैदानात कार्यक्रम. आधी गाणी, मग नाटुकलं, मग साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची गोष्ट सांगणं, मग छोटं प्रवचन आणि मग डोळे तपासणी. का तर आधी तपासणी ठेवली तर लोक चष्मा घेऊन निघून जातात म्हणे. दीड तास झाला होता, ऊन चढलेलं, मी रांगेच्या दोऱ्या बांधत होते, तर एक आजी, हातात चपला, माझ्याजवळ आल्या आणि अगदी साधेपणाने विचारलं, "पोरी, पुढे बसून गाणं ऐकलं नाही तर चष्मा मिळत नाही का? मला तिकडचं काही दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, मी मागे सावलीत बसले तर चालेल?" मी काय बोलले असेन? मी म्हणाले, थोडंच राहिलंय आजी. हे मी म्हणाले. त्यांना तिथूनच आत न्यायला हवं होतं.

रात्री टीमच्या बैठकीत मी तो विषय काढला तेव्हा लीडर म्हणाले आपण कुणावर जबरदस्ती तर करत नाही ना. बरोबर, करत नव्हतो. पण जून 2011 मध्ये वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, व्हॅटिकनचं आंतरधर्मीय संवादाचं खातं आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी, एरवी एका व्यासपीठावर फारसे न दिसणाऱ्या तिघांनी, साक्ष कशी द्यावी यावर मिळून एक दस्तऐवज काढला. त्यात सरळ लिहिलंय की पैशाचं किंवा वस्तूंचं आमिष नको, लोकांच्या गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेणं याला ख्रिस्ती कामात जागा नाही, आणि कुणाला धर्म बदलायचाच असेल तर विचार करायला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. आमच्या ट्रेनिंगमध्ये तो कुणी दाखवलाच नव्हता. आता मी जिथे जाईन तिथे तो दाखवते आणि एकच साधी कसोटी सांगते, की चष्मा आधी द्या, आजी निघून गेल्या तर जाऊ द्या, मग गाणी म्हणा, जे थांबतील ते खरे श्रोते.

दुसरं, येशूने बहात्तर जणांना दोघादोघांनी पाठवलं ती बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली सूचना बघा. थैली नको, झोळी नको, ज्या घरात घेतील त्या घरात राहा, जे वाढतील ते खा. म्हणजे पाठवलेला माणूस रिकाम्या हाताने जातो आणि घरमालकाचं देणं लागतो. आमच्या आउटरीचचं चित्र उलटं असतं, ट्रक भरून सामान घेऊन आम्ही देणारे. आणि खरं बघाल तर तेही खोटंच चित्र. भाषा आम्हाला येत नाही, रस्ता माहीत नाही, तिसऱ्या दिवशी निम्म्या टीमचं पोट बिघडतं, आणि स्थानिक मंडळीतल्या बायका आपली कामं सोडून आमच्यासाठी पाणी उकळत बसतात. पहिल्या आउटरीचला तुम्ही कुणाला सांभाळत नाही हो, तुम्हालाच सांभाळलं जातं. शेजारच्या मुलीला विचारा तिथे तिला कुणी सांभाळलं, नावं आठवत असतील तर ट्रेनिंग बरं झालं म्हणायचं.

प्रश्न : ताई मला चारचौघांत बोलता येत नाही, गाता येत नाही, नाटकात तर अजिबात नाही. मी वायरमन आहे. माझा काही उपयोग?

अरे, तुझी तर लोक वाट बघत असतात! हर्नहूट नावाच्या जर्मनीतल्या वसाहतीतून 1732 साली मोरेव्हियन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी पहिले दोन मिशनरी कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर पाठवले, त्यातला लिओनार्ड डोबर कुंभार होता आणि डेव्हिड निचमन सुतार. ऑपरेशन मोबिलायझेशन या मिशन संस्थेची पुस्तकांची जहाजं ऐकली असशील, 1970 मध्ये लोगोस घेतलं तिथून पुढे, त्या जहाजावर प्रवचन देणारे थोडे आणि इंजिनरूम, किचन, लाँड्री, वायरिंग सांभाळणारे जास्त, नाहीतर जहाज बंदर सोडणार कसं. फक्त एक, ट्रेनिंगच्या काळात सगळी वायरिंगची कामं तुझ्याच गळ्यात पडतील आणि वर्ग बुडेल. पहिल्याच दिवशी सांग, वर्ग सुटल्यावर करीन.

पटकन विचारलेले, पटकन उत्तर

फोन ठेवू देतात का? बहुतेक ठिकाणी देतात, वर्गात आणि शांत समयात नाही. घरी फोन करायला बंदी असेल तर तिथे जाऊच नका.

ट्रेनिंगमध्ये प्रेमात पडलं तर? पुष्कळ ठिकाणी त्या काळात डेटिंग चालत नाही असा नियम असतो आणि आधी सहीही घेतात. लोक प्रेमात पडतात ते पडतातच, मग शेवटच्या दिवसाचे दिवस मोजतात. आमच्या बॅचची तीन लग्नं झाली.

पासपोर्ट लीडरकडे द्यायचा? प्रवासात एका जागी ठेवणं सोयीचं पडतं म्हणून काही टीम तसं करतात. तुम्ही मागितला की त्याच क्षणी परत मिळाला पाहिजे. मी तर म्हणेन स्वतःकडेच ठेवा.

टूरिस्ट व्हिसावर आउटरीच? कित्येक देशांत टूरिस्ट व्हिसावर धर्मप्रचाराला परवानगी नसते. "देव बघून घेईल" हे इमिग्रेशनच्या खिडकीवर सांगायचं उत्तर नाही. आणि तुम्ही उडून परत येता, चौकशीला तिथली स्थानिक मंडळी सामोरी जाते.

अनाथाश्रमात जाऊन मुलांशी खेळायचं असतं, ते तरी चांगलंच ना? मला आता नको वाटतं. दर महिन्याला नवी टीम येते, लळा लावते, फोटो काढते, निघून जाते. मूल दर वेळी नव्याने सोडलं जातं. त्यापेक्षा तिथल्या कायमच्या मावशींना काय हवंय ते विचारा, बहुतेक वेळा छप्पर नाहीतर पगार.

प्रश्न : मी ट्रेनिंग पूर्ण केलं. घरी परत येऊन नर्सिंगचं शेवटचं वर्ष पूर्ण करायचं असं ठरलेलं. आता आमचे लीडर म्हणतात की देवाने त्यांना माझ्याबद्दल दाखवलंय, मी दोन वर्षं स्टाफ म्हणून थांबायचं आहे. मला तसं काहीच वाटत नाही. त्यांना नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं होईल का? रात्री झोप लागत नाही.

नाही होणार. आधी हे घे आणि आज झोप.

आता शांतपणे ऐक. आपल्या लोकांत "देव माझ्याशी बोलला" असं म्हणायची पद्धत आहे आणि मी स्वतः मानते की तो बोलतो. पण दुसऱ्याच्या आयुष्यातले निर्णय एका माणसाने असे सांगायला लागल्यावर ऐकणाऱ्याला वाद घालायला जागाच राहत नाही, कारण वाद घातला तर तो थेट देवाशी. म्हणूनच पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला म्हणतो देवाकडून आलेले म्हणून सांगितलेले संदेश तुच्छ मानू नका, आणि लगेच पुढे म्हणतो सगळं पारखून घ्या. दोन्ही एका दमात. पारखायचं कसं, तर वेळ लावून, आणि ज्यांना तुझ्या थांबण्याने काही मिळत नाही अशा माणसांना विचारून. तुझ्या लीडरना पुढच्या बॅचला स्टाफ कमी पडतोय का? मला एकदा असंच सांगितलं होतं. मी थांबले, आणि त्या थांबण्याचा मला पश्चात्ताप आहे असंही नाही, पण दोन वर्षांनी कळलं की त्याच आठवड्यात तेच "दाखवणं" आणखी पाच जणांना सांगितलं गेलं होतं. ते लीडर वाईट नव्हते गं. सहा माणसं कमी होती आणि ते प्रार्थना करून करून थकले होते.

तू एवढंच म्हण, "तुम्ही सांगितलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. देवाने मलाही तसं दाखवलं तर कळवीन. तोपर्यंत मी शेवटचं वर्ष पूर्ण करते." हे उभ्यानेच सांग, बसून सांगितलं की बोलणं लांबतं. राग आला, सगळ्यांसमोर तुझं नाव घेऊन प्रार्थना झाली, इतर मुलींना तुझ्याशी बोलू नका सांगितलं, असं काहीही झालं तर बॅग भर आणि घरी फोन कर. तिथे तक्रार ऐकणारं, त्या लीडरच्या हाताखाली नसलेलं कुणी आहे का ते बघ. असायला हवं. आणि नर्सिंग संपवून दोन वर्षांनी तुलाच वाटलं तर परत जा ना, नर्सला कोण नको म्हणतं.

प्रश्न : ताई, मी आउटरीच अर्ध्यावर सोडून आलो. पाचव्या आठवड्यात. आजारी वगैरे नव्हतो, फक्त होत नव्हतं, रोज सकाळी उठून पोटात गोळा यायचा, एक दिवस सकाळी लीडरला सांगितलं आणि निघालो. मंडळीने मला समोर उभं करून, डोक्यावर हात ठेवून, प्रार्थना करून पाठवलं होतं. आता रविवारी मागच्या बाकावर बसतो आणि शेवटच्या गाण्याआधी निघतो. माझी गिटारही तिकडेच राहिलीये, ज्या घरात आम्हाला ठेवलं होतं तिथे. मागायची लाज वाटते.

तुझं पत्र मी चारदा वाचलं.

सगळ्यात पहिले, तू लीडरला सांगून निघालास. आमच्या एका टीममधला एकजण रात्रीतून न सांगता गेला आणि आम्ही दीड दिवस दवाखाने धुंडाळत होतो. तू तसं केलं नाहीस.

दुसरं, बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत योहान मार्क आहे बघ. पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर निघाला, पंफुल्या प्रांतापर्यंत गेला आणि तिथून परत फिरला. का, ते लिहिलेलंच नाही. मला ते फार आवडतं, की कारण दिलेलं नाही. पुढच्या फेरीला बर्णबा म्हणाला याला घेऊ, पौल म्हणाला नाही, गेल्या वेळी अर्ध्यावर सोडून गेला, आणि त्यावरून दोघांची इतकी जुंपली की वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला (म्हणजे सायप्रसला) गेला. आणि मग कितीतरी वर्षांनी, तुरुंगातून, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तोच पौल म्हणतो मार्कला बरोबर घेऊन ये, त्याचा मला सेवेसाठी उपयोग आहे. मधली वर्षं मार्क काय करत होता, मागच्या बाकावर बसत होता का, देव जाणे. तुझ्या मंडळीत एखादा बर्णबा असेल, बहुतेक वयाने मोठा, फार न बोलणारा. शेवटचं गाणं होईपर्यंत एकदा थांबलास तर तोच जवळ येईल.

पूर्ण करून आलेल्यांचंही काही सोपं नसतं हेही तुला माहीत असू दे. टीम परतली की डीब्रीफिंग म्हणून काही दिवस सगळे बसून काय झालं ते बोलतात. तू लवकर निघालास म्हणून तुझं ते राहूनच गेलं, कुणीच तुला काय झालं ते विचारलं नाही. तुझ्या ट्रेनिंगच्या लोकांना लिही, माझं डीब्रीफिंग राहिलंय, फोनवर तासभर द्या. तो तुझा हक्क आहे, फी भरलीयेस. आणि सकाळचा पोटातला गोळा अजून येत असेल तर डॉक्टरांना दाखव, नुसती प्रार्थना करून घेऊ नकोस.

आता गिटार. ज्या घरात ठेवलं होतं त्या घरातल्या लोकांनी तुम्हा सगळ्यांना पाच आठवडे सांभाळलं ना, पोटात गोळा घेऊन तू उठायचास तेव्हा त्या घरातल्या बाईला ते दिसलं नसेल असं वाटतं तुला? पार्सलने मागवू नकोस. फोन करून जा, अचानक नको, त्यांची गैरसोय होईल. आणि जाताना नवीन तारा घेऊन जा, इतके महिने त्यांच्या पोरांनी ती वाजवली असणारच, एकदोन तुटल्या असतील.